एक ना धड...? : कोसंबी पितापुत्रांच्या स्वाध्यायाविषयी

आमच्या विद्यार्थिदशेत एकाच वेळी चार विषयांत डोके घालणाऱ्या मुलाला गुरुजी हमखास एक म्हण ऐकवीत : 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचेच हे शब्द. आणि गंमत अशी, की संस्कृतचा तास चालू असताना खिडकीबाहेर कोणी बाई चुडते विणताना दिसली, तर तिच्या हाताखालची वीण कोणत्या क्रमाने पुढे सरकते हे फळ्यावर मांडून दाखविणारेही तेच. म्हण खरी की गुरुजींचे आचरण खरे, हा पेच मला पुष्कळ वर्षे सुटला नव्हता. पुढे याच शाळेत गणित शिकविताना आपल्या गोमंतकातील एका घराण्याच्या दोन पिढ्यांचा परिचय झाला आणि पेचाची गाठ थोडी सैल झाली. ते घराणे म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी.

या दोघांविषयी गौरवपर पुष्कळ लिहिले गेले आहे. गौरवाची भर घालण्याचा येथे हेतू नाही. एका माणसाला अनेक विद्या साध्य होतात तेव्हा नेमके काय घडते, एका विद्येतून दुसऱ्या विद्येत तो शिरतो कसा, आणि कोठे ठेचकाळतो, एवढेच पाहावयाचे आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण म्हणावे तर जेमतेम मराठी शाळेपुरते. घरी नारळीच्या बागा, प्रकृती अशक्त, लहान वयात लग्न झालेले. अशा तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचा एक अंक पडला आणि त्यातील बुद्धचरित्रावरील लेखाने त्याच्या मनाची पकड घेतली. बुद्धाने काय सांगितले हे बुद्धाच्या भाषेत वाचावयाचे, हा ध्यास त्या क्षणापासून लागला. परंतु त्यासाठी पाली यावयास हवी, पालीसाठी संस्कृताचा पाया हवा, आणि ही दोन्ही शिकविणारे जवळपास कोणी नाही. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ पडली. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने नेपाळ गाठले आणि तेथे निराशा पदरी घेतली. बोधगयेवरून ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छायेत त्यांना अखेर पाली भेटली. नंतर ब्रह्मदेश.

हा प्रवास वाचताना एक गोष्ट सहज निसटून जाते. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात सयामी लिपीत लिहिली जाते. म्हणजे एका भाषेपायी या गृहस्थांना लिप्यांची एक रांगच ओलांडावी लागली. लिप्यांचे ज्ञान मिरवावे म्हणून त्यांनी त्या शिकल्या नाहीत. ग्रंथ समोर होता आणि तो वाचता येत नव्हता, म्हणून शिकल्या. मुलाच्या चरित्रातही हेच दिसते, म्हणून येथे थांबून सांगितले.

कलकत्त्यास अध्यापन करीत असता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, ग्रंथलेखन करावे आणि दरमहा ५० रुपये घ्यावे, अशी योजना महाराजांनी त्यांच्यासाठी केली. कलकत्त्याची अधिक प्राप्तीची जागा सोडून धर्मानंद पुण्यास आले. कारण उघड होते : मराठी मुलखात पाली शिकविणारा कोणी नव्हता. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी बोलावणे आले ते या, कोणतीही पदवी नसलेल्या, साखवाळच्या माणसाला. १९१२ पासून काही वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे लेनिनग्राडपर्यंत त्यांचे जाणे झाले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या ग्रंथालयात आहे. माजी विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. त्यातील भाषा इतकी साधी आहे, की एवढा मोठा प्रवास आपण वाचला हे पुस्तक मिटल्यावर ध्यानी येते.

आता मुलाकडे वळू. दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडिलांबरोबर १९१८ साली ते अमेरिकेस गेले आणि पुढे हार्वर्डची पदवी १९२९ साली उच्च सन्मानासह मिळविली. जॉर्ज बर्कहॉफ या थोर गणितज्ञाने त्यांना केवळ गणितावर लक्ष एकाग्र करण्याचा सल्ला दिला होता. हा सल्ला त्यांनी मानला नाही. अनेक भाषा आणि अनेक विषय त्यांनी एकदमच हाती धरले. आमच्या गुरुजींची म्हण येथे बर्कहॉफच्या तोंडी शोभली असती.

हिंदुस्थानात परतल्यावर बनारस, अलीगढ, १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा त्यांच्या नोकऱ्यांचा क्रम आहे. त्यांचा मूळ विषय भूमिती. अवकाशातील वक्ररेषांच्या समूहांचा त्यांनी केलेला अभ्यास एली कार्तान आणि शिंग-शेन चर्न यांच्या नावांबरोबर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो समजावून सांगण्यास फळा आणि सबंध सत्र लागेल. म्हणून तो बाजूस ठेवतो. आपल्याला हवी आहे ती त्यांची नाण्यांची हकीकत.

संख्याशास्त्र आपणास नीट अवगत व्हावे असे कोसंबींना वाटू लागले. विषय पुस्तकातून वाचून येतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. एखादा खरा, न सुटलेला प्रश्न हाती घ्यावा आणि तो सोडविताना विषय शिकावा, ही त्यांची रीत. प्रश्न मिळाला तो प्राचीन आहत नाण्यांचा. चांदीच्या पत्र्याचे तुकडे पाडून त्यांवर एकेक चिन्ह ठोकून ही नाणी तयार केलेली असतात. सूर्य, चक्र, डोंगर, प्राणी अशी पाच चिन्हे पुढच्या बाजूस; मागच्या बाजूस कधी काहीच नाही, कधी बारीक खुणांची दाटी. राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षरही नाही. तक्षशिलेच्या उत्खननात अशा नाण्यांचे मोठे साठे सापडले होते. यांतील आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ठरवावयाचे कसे?

कोसंबींनी ती तोलली. त्यामागचा विचार कोणत्याही वाण्याला पटेल असा आहे. टांकसाळीतून निघालेली नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. अगदी सारखी नसतात, थोडा फरक राहतोच. ती हातोहात फिरू लागली की झिजतात. झिजण्याने दोन गोष्टी घडतात. एक तर सरासरी वजन उतरते. दुसरी गोष्ट तितकी सहज सुचणारी नाही : वजनांतील परस्परांमधला फरक वाढतो. कारण एखादे नाणे रोज बाजारात फिरते, तर एखादे कोणा आजीच्या गाठोड्यात पडून राहते. म्हणजे जितका काळ नाणी चलनात, तितकी सरासरी खाली आणि फाकणी मोठी. आता पुरलेल्या साठ्याचे महत्त्व पाहा. हंडा जमिनीत गेला त्या दिवशी त्यातील सर्व नाण्यांची झीज एकदमच थांबली. तेव्हा त्या साठ्यात ज्या चिन्हांच्या गटाची नाणी अधिक हलकी, तो गट अधिक काळ फिरलेला, अर्थात अधिक जुना.

मागच्या बाजूच्या खुणांचे कोडेही येथेच उलगडले. या खुणा सराफांनी वा व्यापाऱ्यांच्या श्रेणींनी वेळोवेळी नाणे पारखून ठोकलेल्या असाव्यात, असे त्यांनी अनुमान केले. तसे असेल तर जितक्या खुणा अधिक तितके वजन कमी भरले पाहिजे. मांडणी केली तेव्हा तसेच आढळले. निरक्षर नाण्यांच्या पाठीवर काळाची जणू पट्टीच उमटलेली निघाली.

पण अनुमानाला ताळा हवा. प्राचीन नाण्यांवर साल नसते. अर्वाचीन नाण्यांवर मात्र असते. कोसंबींनी आपल्या काळातील चलनी नाणी हजारोंनी जमवून सूक्ष्म तराजूवर एकेक करून तोलली आणि सालागणिक सरासरी किती उतरते, फाकणी किती वाढते, हे प्रत्यक्ष पाहिले. नुसत्या कल्पनेने हे काम झाले असते तर ते चतुराईचे ठरले असते. ही हजारो वजने घेतल्यामुळे ते शास्त्र झाले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या विद्वत्तेचे रहस्य भाषांच्या संख्येपेक्षा या कंटाळवाण्या तोलण्यात अधिक आहे.

मी स्वतः हा प्रयोग नववीच्या मुलांकडून शाळेच्या प्रयोगशाळेत करवून घेतला होता. एकाच जातीची, निरनिराळ्या सालांची पन्नास पैशांची नाणी मुलांनी घराघरांतून गोळा केली. आमच्या तराजूची पेटी जुनी, त्यात वारा आला की काटा हलायचा. तरीही दोन शनिवारांच्या श्रमांनंतर फळ्यावर आकडे मांडले तेव्हा जुन्या नाण्यांची वजने अधिक विखुरलेली आहेत हे मुलांना न सांगता दिसले. एका मुलीने विचारले, 'सर, मंदिराच्या फंडपेटीतली नाणी कमी झिजलेली असतील का?' पुस्तकात नसलेला प्रश्न विद्यार्थ्याकडून येण्याचा तो दुर्मीळ आनंद मला अजून आठवतो. उत्तर आम्ही शोधले नाही. परीक्षा जवळ आली होती.

कोणते चिन्ह कोणत्या राजाचे याविषयीचे कोसंबींचे सर्वच निष्कर्ष पुढील नाणकशास्त्रज्ञांनी स्वीकारले असे नाही. तथापि नाण्याचे वजन हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

येथून पुढे एक विद्या दुसरीला हात धरून घेऊन आली. नाणी क्रमाने लागली. पण ती पाडणारे कोण, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी पुराणे, बौद्ध आणि जैन ग्रंथ पाहावे लागतात. त्यासाठी संस्कृत हवे. वडिलांमुळे संस्कृत कानांवरून गेले होते, परंतु पाया पक्का नव्हता. पुन्हा तीच रीत : एक ठराविक ग्रंथ घ्यावा आणि त्याच्याशी झुंजावे. त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते घेतली. घेतल्यावर लक्षात आले, की भर्तृहरीच्या नावावर नेमके कोणते श्लोक आहेत हेच निश्चित नाही. प्रांतोप्रांतीच्या पोथ्यांत श्लोकांची संख्याही वेगळी आणि क्रमही वेगळा. मग देशभरातील शेकडो हस्तलिखिते मिळवून ती ताडून पाहणे आले. संस्कृत 'शिकण्यासाठी' घेतलेल्या या कामातून १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. संख्याशास्त्राची सवय येथेही कामी आली असली पाहिजे. अनेक प्रती, प्रत्येकीत थोडा फरक, आणि त्या फरकांवरून मूळ कसे असेल याचा अंदाज बांधणे : नाण्यांच्या ढिगाशी या कामाचे नाते लांबचे नाही.

विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या सुमारे ११०० च्या आसपास बंगालमधील बौद्ध विहारात संकलित झालेल्या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्या सहकार्याने तयार केली. ती १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली. ज्या मालेत वडिलांचा 'विसुद्धिमग्ग' १९५० साली प्रसिद्ध झाला, तिच्यातच हा पुढचा ग्रंथ. त्याच्या प्रस्तावनेत कोसंबींनी संस्कृत काव्याची जी वर्गीय मीमांसा केली ती डॅनिएल इंगॉल्स यांना मुळीच मानवली नाही. त्या ग्रंथाच्या आपल्या इंग्रजी अनुवादात त्यांनी तिचा प्रतिवाद केला. मतभेद असे उघड्यावर, ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देऊन व्हावेत, हे मला आवडते.

मध्येच एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४४ साली कोसंबींनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र दिले. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी जवळ तितकी ती पुढच्या पिढीत एकत्र जाण्याचा संभव अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून त्यांमधील अंतर काढता येते. परंतु एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याचा संभव घटतो, आणि साधा हिशेब चुकतो. ही अडचण लक्षात घेणारे 'कोसंबी सूत्र' आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक वापरतात. त्यांपैकी कित्येकांना हा गृहस्थ इतिहासकार होता याची कल्पना नसते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना भाताच्या नकाशाची नसते.

ग्रंथांनंतर पायपीट. पुणे आणि मुंबई यांमध्ये 'डेक्कन क्वीन'ने येजा करणारे हे प्राध्यापक सुटीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि खेडी तुडवीत. अश्मयुगातील माणसाने वापरलेल्या गारगोटीच्या बारीक छिलक्या त्यांना सापडू लागल्या. त्याच वाटांवर म्हसोबा, तुकाई, बोल्हाई यांसारख्या देवतांचे शेंदरी तांदळे होते. शहाणी माणसे ज्यांच्यापुढून मान वळवून जात, त्या दगडांपुढे हा गणिती बसून राही आणि पुजाऱ्याला, धनगराला, पाणी भरणाऱ्या बाईला प्रश्न विचारी : जत्रा केव्हा, नैवेद्य कोणता, पालखी कोठवर जाते? जुने व्यापारी मार्ग, त्यांवरील बौद्ध लेणी आणि मातृदेवतांची ठाणी एकमेकांशी निगडित आहेत, असे त्यांच्या ध्यानी आले. कार्ल्याच्या चैत्याशेजारी एकवीरा आहे आणि तिच्या दर्शनास दूर समुद्रकाठचे कोळी येतात, हे तर आपणही पाहिले आहे. पाहून पुढे गेलो, एवढाच फरक. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात ही सारी शोधयात्रा आहे; इतिहासाच्या अभ्यासाविषयीचा त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९५६ चा.

आता ठेच. ती झाकून ठेवली तर हा लेख केवळ आरती होईल. गणितात रीमान यांचे एक गृहीतक आहे. मूळसंख्या कशा विखुरलेल्या असतात याच्याशी ते निगडित असून १८५९ पासून आजतागायत कोणालाही ते सिद्ध करता आलेले नाही. संभाव्यताशास्त्राच्या वाटेने आपण ते सिद्ध केले, असे कोसंबींना वाटले आणि त्यांनी ते १९५९ साली प्रसिद्ध केले. तेही कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात, जेथे अंकशास्त्राचा तज्ज्ञ परीक्षक असण्याचे कारण नव्हते. सिद्धतेत दोष होता. गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेला त्यामुळे मोठा धक्का बसला. १९६२ साली संस्थेबरोबरचा त्यांचा करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. त्यामागे आणखीही कारणे सांगितली जातात.

या प्रसंगाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो. नाण्यांत त्यांना अडविणारा तराजू होता, भर्तृहरीत पोथ्या होत्या, विद्याकराच्या कामात शेजारी गोखले होते. येथे असा कोणी नव्हता. ज्या क्षेत्रात आपण स्वतःच शिकून शिरलो तेथे 'हे चुकले' असे सांगणारा गुरू नसतो. तो माणसांत नाही तर वस्तूंत शोधावा लागतो, आणि वस्तूतही नसेल तर धोका आहे. धर्मानंदांनी स्वाध्याय केला, पण प्रत्येक टप्प्यावर ते कोणा ना कोणाच्या पायांशी जाऊन बसले : भांडारकर, काशीचे शास्त्री, सुमंगल महास्थविर. मुलाचा स्वभाव तिखट होता. बापाचे हे नम्र शहाणपण त्याच्याकडे थोडे कमी आले, असे म्हटले तर त्यांचे चाहते रागावतील, रागावोत.

२९ जून १९६६ रोजी पुण्यास दामोदर कोसंबी निवर्तले, तेव्हा त्यांचे वय साठीच्याही आतले होते.

तर मग गुरुजींच्या म्हणीचे काय? चिंध्या भाराभर असणे हा दोष खरा, पण त्या एका धाग्याने शिवल्या तर गोधडी होते. कोसंबींचा धागा म्हणजे पुढचा प्रश्न. नाण्यांकडून राजांकडे, राजांकडून ग्रंथांकडे, ग्रंथांकडून ज्यांच्याविषयी ग्रंथ मौन आहेत त्या लोकांकडे. त्यांनी विषय बदलला असे आपल्याला दिसते. त्यांना स्वतःला ते तसे दिसत नसावे.

'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'तले शेवटचे प्रकरण आपल्या दारचे आहे. गोव्यातील जुन्या काबिजादींमधील गावकारी हा त्याचा विषय. गावची जमीन समाईक, शेतांचा लिलाव, खर्च वजा जाता उरलेल्याची गावकारांना मिळणारी जोण, आणि खाजनांचे बांध व मानशी सांभाळण्यासाठी सगळ्या गावाला एकत्र बांधून ठेवणारी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी भोगली आणि चालविली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जोणीच्या जुन्या पावत्या पोर्तुगीज भाषेत अजून पेटाऱ्यात पडून असतील. मागील वर्षी एका माजी विद्यार्थ्याने तशा काही पावत्या शाळेस आणून दिल्या. त्या कपाटात ठेवल्या आहेत. त्यांवरील आकडे अद्याप कोणी मांडून पाहिलेले नाहीत.